माहेरी निघालेला बाप

प्रिय एर्ना,

परवा फोनवर तू विचारलंस, आबा, बरे आहात ना? मी म्हणालो, बरा आहे. दुसरं काय म्हणणार? गावात फोन एकच, तोही दुकानात, आणि माझा फोन आला की साखर घ्यायला आलेली माणसं साखर विसरून माझ्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून हे पत्र. पादांग शहराला जाणाऱ्या बसवाल्याकडे देतो, तो टपालात टाकेल. ते तुला तिकडे समुद्रापलीकडे, बालिकपापानला मिळेल तेव्हा मी या घरात नसेन. शुक्रवारच्या नमाजानंतर माझ्या आईकडची माणसं मला न्यायला येणार आहेत. या वयात तुझा बाप माहेरी निघालाय. हसलीस तरी चालेल, मलाही अधूनमधून हसू येतं.

रीत तुला माहीत आहे, पण तू फार लवकर गाव सोडलंस, आणि परमुलुखात राहिलं की असल्या गोष्टी डोक्यातून निघून जातात. घर तुझ्या आईचं होतं, त्याआधी तुझ्या आजीचं, आता तुझं. मी इथला जावई. आमच्या तरुणपणी जावयाने दिवे लागताना यायचं आणि उजाडताना आपल्या आईच्या शेतावर कामाला जायचं. त्यात मी कापडवाला. वर्षातले कितीतरी महिने दूर मेदान शहराच्या बाजारात काढायचे आणि रमजानला गठुडं घेऊन परत यायचं. मी पायऱ्या चढलो की तुझी आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "आलात? बसा. यंदा मुक्काम किती दिवसांचा?" आणि कॉफीच्या पानांचा कढत काढा पुढे ठेवायची. चाळीसेक वर्षं तिने मला हेच विचारलं. शेवटी पाय थकले, मी बाजार सोडला आणि कायमचा इथे राहिलो, तरी ती विचारायचीच. मला वाटायचं, थट्टा करतेय. थट्टाच करत होती म्हणा, पण खरंही तेच होतं.

ती गेली तेव्हा तू आलीस आणि तिसऱ्या दिवशी परत गेलीस. तुला दोष देत नाही. तुमची खानावळ बंद ठेवून कसं चालेल, आणि जावईबापू एकटे किती बघणार? तुझ्यामागे घरात मी एकटा उरलो, आणि भिंतीपलीकडे, लागूनच्या घरात, तुझी मावशी. मावशीचा स्वभाव तुला माहीतच आहे. माझ्या ताटात भात वाढायची आणि वाढता वाढता मला बोलून घ्यायची. बहिणीच्या दुःखात दोन्ही चालू. मी दिवसभर मागच्या उतारावर असायचो. दालचिनीची झाडं आता सोलायला आलीत. मी लावली, मी वाढवली, पण जमीन तुमच्या घराण्याची, तेव्हा ती तुमचीच. ती कोणाला सोलायला द्यायची हे दातुकमामा ठरवेल. मी फक्त त्याला सांगून ठेवलंय की वरच्या अंगाची दोन झाडं अजून कोवळी आहेत, त्यांना हात लावू नका.

शंभराव्या दिवसाची प्रार्थना झाली, पाहुणे जेवून गेले, आणि दातुकमामाने विषय काढला. मामा वाईट माणूस नाही. घराण्याचा मुखत्यार तो, बोलायचं काम त्याचं, आणि तो बोलला तेव्हा माझ्याकडे न बघता चटईकडे बघत बोलला. घरात घराण्याची बाई हवी, नाहीतर चूल थंड पडते. मावशीची मुलगी गुस्तिनार नवी लग्नाची, तिकडे तिला स्वतःची खोली नाही, तिचा नवरा रोज रात्री अवघडून कोपऱ्यात बसतो. ती या घरात आली तर उत्तम. पण मग मी कुठे? तो परका तरुण जावई आणि मी म्हातारा, ज्याची बायकोही उरली नाही, एका छपराखाली कसे राहणार? मग कोणीतरी जुना तोडगा सुचवला, की मी मावशीशी निकाह लावावा. ती विधवा, मी विधुर, म्हणजे मला हलायला नको. मावशीने पान कुटायचं थांबवलं आणि म्हणाली, "या माणसाचं घोरणं मी इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंय. आता ते उशाशी नको." पुष्कळ दिवसांनी घरात माणसं हसली. मीही हसलो. नंतर ती मागच्या दारी जाऊन रडली, ते मी पाहिलं. तिलाही मला घालवायचं नव्हतं, आणि ठेवायचा दुसरा मार्ग तिच्याकडे नव्हता.

म्हणून मामाने दुसऱ्या दिवशी दुकानातून तुला फोन लावला. घर तुझं, तेव्हा विचारायला तुलाच हवं. मी शेजारीच उभा होतो. तुझा आवाज लहानपणापासून मोठा, तो फोनबाहेरही ऐकू येतो. तू म्हणालीस, "देऊन टाका ना गुस्तिनारला. मी कुठे येऊन राहतेय? आणि आबा आहेतच की घरात." मामाने फोन कानापासून जरा दूर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मुलीने एवढंच म्हणायचं असतं, की माझं घर मी ठेवतेय, माझा बाप तिथे राहील. एवढं म्हटलं असतंस तर आख्ख्या गावात मला हलवायची कोणाची छाती नव्हती. पण एकदा घर दुसरीला दिलं की बाप त्यात राहत नाही, हे तुझ्या ध्यानातच आलं नाही. तिकडे बालिकपापानला बाप म्हणजे घरचा माणूस असतो, तो कुठेही राहतो. मामा मला म्हणाला, "घे, तूच सांग तिला." मी मान हलवून नको म्हटलं. काय सांगू? मुलीकडे जागा मागू? आणि तू हो म्हणालीस तर त्या पोरीच्या संसारावर पाणी ओतू? राग आला होता, खोटं कशाला बोलू. घरी येईपर्यंत होता. नंतर नुसतंच रिकामं वाटलं.

काल युस्निमार आत्या पानाचं तबक घेऊन भेटून गेली. भाऊ परत येतोय म्हणून तिला आनंद झाल्याचं तिने चारचौघांत सांगितलं, आणि मग माझ्याजवळ सरकून हळूच रडली. तिच्याकडे, म्हणजे आमच्या आईच्या घरात, चार मुली, चार खोल्या, प्रत्येकीचा नवरा. आईच्या घरात पुरुषाला खोली कधीच नसते, हे मला लहानपणीच कळलं होतं. तेव्हा जेवण आत्याकडे आणि झोपणं ओढ्याकाठच्या सुराऊत, त्या छोट्या प्रार्थनाघरात, जिथे लग्नाआधी मी झोपत होतो. तिथे कुराण शिकणारी पोरं रात्रभर लाथा मारतात, आणि भिंतीशी माझ्यासारखे दोन म्हातारे खोकत असतात. छप्पर चांगलं आहे, काळजी करू नकोस. तुझ्या आईची कबर तुमच्या घराण्याच्या बांबूच्या बनात आहे, माझी आमच्या टेकडीवर होईल. तिच्याशेजारी मला जागा मिळेल का, तेही मी मामाला विचारून पाहिलं. तो नाही म्हणाला आणि माझा हात धरून बराच वेळ बसून राहिला.

हे सगळं तुला कळवणार नव्हतो. तू अस्वस्थ होशील, फोनवरून शब्द फिरवायला बघशील, आणि आता तो फिरवणं बरं दिसणार नाही. गुस्तिनारने खोलीला पडदेसुद्धा शिवलेत. फिरवू नकोस. मला हवंय ते वेगळंच आहे, आणि ते मागायला एवढी पानं लागली. ईदला तू तुझ्या छोट्या वेंतीला घेऊन येशील. बस थांबली की मला सुराऊत कळेल. तुला वाटेल, आबा धावत का आले नाहीत. मी येऊ शकत नाही, एर्ना. बिनबोलावता त्या पायऱ्या चढायचा माझा हक्क तुझ्या आईबरोबर गेला. तेव्हा तू आलीस की आधी पायरीवर उभी राहा आणि मला हाक मार. तुझ्या त्या मोठ्या आवाजात मार, शेजारीपाजारी ऐकू जाऊ दे. म्हण, आबा, वर या, जेवायला बसा. मी एकदा नको म्हणेन, ते म्हणावंच लागतं. तू पुन्हा म्हण.

तुझाच,
आबा