रस्त्याकडेच्या काटेरी तणाचा तपास

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (खरोखरच पालथा पडून लिहितो आहे. बसायची सोय सध्या राहिलेली नाही, कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे आईची तब्येत ठणठणीत आहे, आवाज त्याहून ठणठणीत.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या रस्तादुरुस्ती कचेरीत हुकूम आला, की रस्त्याकडेला जे नवं काटेरी तण माजलंय ते कुठलं ते ओळखा आणि आलं कुठून ते शोधा. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझे मामा वनस्पतिशास्त्राचे मास्तर. (हे मीच सगळ्यांना सांगत फिरायचो.) जांभळं फूल, पानोपानी काटे, बिया कापसासारख्या उडणाऱ्या. मेकॅनिक म्हणाला, सांधेदुखीवर रामबाण. टायपिस्टबाई म्हणाल्या, फुलदाणीत शोभेल. मी पोतंभर नमुने गोळा करून जीपमध्ये ठेवले आणि कुठल्या सीटवर ठेवले ते नेमकं विसरलो. पहिल्या खेपेच्या जखमा भरल्या म्हणून परवा पुन्हा गेलो, आणि पुन्हा विसरलो.

त्यात आमच्या कचेरीचा नियम असा, की अहवालाच्या प्रत्येक प्रतीला पुरावा जोडायचा. मी इमानेइतबारे सहाही प्रतींना एकेक पिकलेलं बोंड टाचलं आणि सहा कचेऱ्यांना रवाना केलं. तिथल्या मंडळींनी पाकिटं पंख्याखाली फोडली. आता सहाही कचेऱ्यांच्या अंगणात हे तण डोलतंय, आणि ते इतक्या झपाट्यानं कसं पसरलं याचा वेगळा अहवाल मोठ्या साहेबांनी माझ्याकडेच मागितलाय. (सहा प्रतींत.) सोमवारपर्यंत तणाचं मूळ ठिकाण सापडलं नाही तर माझी बढती गेली म्हणून समजा. मामा, मला फार भीती वाटते.

तुमचा,
भाचा

ता. क. मूळ ठिकाण सापडलंय. आमचं फाटक. तुम्ही गेल्या वर्षी प्रवासातून आईसाठी शोभेची म्हणून जी कुंडी आणलीत, तिथूनच सगळी रांग निघाली आहे. आई कुंडीला हात लावू देत नाही. म्हणते, माझ्या भावानं दिलीय. तेव्हा उपटून टाक अशा दोन ओळी तुम्हीच तिला लिहा. तुमचा शब्द ती मोडणार नाही.

आणखी ता. क. दादा, मी लिहितेय. पत्र पेटीत टाकायला यानं मलाच दिलं. तू मला काही लिहू नकोस. काल हा मलमपट्टीला गेला होता तेव्हा याचे मोठे साहेब विचारपूस करायला आले होते. फुलं बघून हरखले, बायकोसाठी दोन रोपं मागून घेऊन गेले. कुंडी ओकीबोकी दिसतेय, येताना आणखी चार आण.