प्लेलिस्टमध्ये सुभेदार नकोत

३ फेब्रुवारी, सोमवार
पहाटे तीनपासून जागी. आमच्या सुभेदारांना जाऊन चौदा महिने झाले, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. उलट आता शांतता आहे. रिटायर होऊनही एकोणीस वर्षं ते झोपेत परेड घेत होते. ‘सावधान’ ऐकलं की पांघरुणात माझे पाय जुळायचे. आता कोणी ओरडत नाही म्हटल्यावर झोप यायलाच हवी. दोष उसाच्या ट्रॅक्टरांचा. गाणी लावून जातात मेले.

जयराजचा पुण्याहून फोन. म्हणाला, आई, रविवारी येतोय. तोवर झोप लागली नाही तर बॅग भर, कायमची इकडे चल. मी म्हटलं, पलूस सोडणार नाही. रविवारपर्यंत घोड्यासारखी झोपते बघ. घोडे उभ्याने झोपतात हे नंतर आठवलं.

४ फेब्रु., मंगळवार
वाचनालयातून निद्रेवरचं पुस्तक आणलं. लेखक डॉक्टर आहे. शांत संगीत ऐका म्हणतो. सूनबाईंनी, अश्लेषाने, कुठं काय दाबायचं ते फोनवर सांगितलं. प्लेलिस्ट तयार. नाव ‘गाढ निद्रा’. वीस तुकडे घालणार. सुभेदारांना बासरी सोसायची नाही, म्हणून पहिली बासरीच घातली.

५ फेब्रु.
बासरी चांगली. डोळा लागत होता. मधेच एक बाई ओरडली, साताऱ्यात प्लॉट घ्या. एनए आहे का ते बघायला उठून बसले. आहे. झोप गेली.

६ फेब्रु.
झुळझुळता झरा, तीन तास. पुस्तक म्हणतं जगभर लोक याने झोपतात. ते लोक दुष्काळी माण तालुक्यातले नसणार. माझं माहेर दहिवडीकडचं. अर्धवट झोपेत पाण्याचा आवाज आला आणि पळाले. दोन हंडे नि एक पातेलं नळाखाली लावून झालं, तेव्हा कळलं, वाहतोय तो फोन.

सकाळी शेजारच्या शालूबाई म्हणाल्या, आवं, अंधारात भांडी कसली वाजत हुती? म्हटलं, घासत होते. तर म्हणे, सुभेदार गेल्यापासनं तुमी लय कामाला लागलाय. झरा काढून टाकला.

७ फेब्रु., शुक्रवार
मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. माहेरची सवय, नक्की झोप येणार. डोळे मिटून मेंढरं मोजली. एक कमी. परत मोजली. उजाडेपर्यंत सापडली नाही.

८ फेब्रु., शनिवार
उद्या जयराज. समुद्र घालायला गेले तर फोन म्हणतो, जागा भरली, काहीतरी पुसा. पुसायला बसले. एक जुनं रेकॉर्डिंग निघालं, दोन मिनिटं चाळीस सेकंद. आपण झोपेत ओरडतो हे सुभेदार कबूल करत नसत, म्हणून पुरावा केला होता. ‘सावधान. दाहिने मुड.’ मग माझा आवाज, अहो, झोपा की आता. मग ते, ‘जी साब.’

जागेपणी एकदा तरी म्हणायचं.

पुसायचंच आहे. पुसण्याआधी नीट तपासावं म्हणून प्लेलिस्टमध्ये घातलं. तात्पुरतं. पुन्हा पुन्हा वाजायचं बटण चुकून दाबलं गेलं.

९ फेब्रु., रविवार, दुपार
जयराज साडेआठला आला. मला पत्ता नाही. बेल वाजवली, दार बडवलं. आतून त्याच्या वडिलांचा आवाज आला, सावधान. शालूबाई म्हणाल्या, अगं बया, सुभेदार परत आलं का काय, आणि तिथल्या तिथं ताठ उभ्या राहिल्या. शेवटी जयराजने आणि समोरच्या बिरदेवने कडी तोडली. मी घोरत होते म्हणे. पुरावा नाही, त्यामुळे कबूल नाही.

डोळे उघडले तर जयराज उशाशी, हातात माझा फोन. आता रागावणार वाटलं. ‘जी साब’ला तो हसला. मग तोंड फिरवून बराच वेळ नाक पुसत बसला. बॅगेचा विषय काढला नाही. म्हणाला, मला पाठव हे. पाठवलं.

आता तो बाहेरच्या दिवाणावर आडवा झालाय, फोन कानाशी. मटणाचा रस्सा गार होतोय. दोनदा हाक मारली. उठत नाही.

प्लेलिस्टमध्ये एकच तुकडा ठेवला. बाकीचे पुसले. जागेचा प्रश्न होता. शिवाय त्या बासरीवाल्याला अजून बराच रियाज लागेल.