तीन आण्यांचा टांगा, आठ आण्यांची मोटर

औरंगाबाद,
माघ वद्य पंचमी, शके १८५९

तीर्थरूप मनकर्णाआक्कास,

लक्ष्मणाचा तुला आणि दाजींना नमस्कार. इथं घरात सगळे सुखरूप आहेत, तुमची खुशाली कळवावी. नगरला थंडी कशी आहे? इथली ओसरली. हुरडा संपला, ज्वारी काढणीला आली. तुझ्या भावजयीनं तुझ्यासाठी बोरं वाळवून ठेवलीत. धाकटी आता पाटीवर आपलं नाव काढते, फक्त उलटं काढते.

अक्षर वाकडं दिसलं तर फिकीर करू नको. पडल्या पडल्या लिहितो आहे.

संक्रांतीचं तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं. तू म्हणशील, डाकेची मोटर चालवतो आणि यालाच पत्र टाकायला सवड नाही. तसं नाही आक्का. मोटर सध्या दुसरा चालवतो. मी घरी आहे. परवाच घरी आलो.

आता सांगतोच. तू आधी खाली बस. आणि एवढं ध्यानात धर, की हे मी माझ्या हातानं लिहितोय आणि माझे दोन्ही पाय जागेवर आहेत.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात फुलंब्रीची डाक घेऊन परत येत होतो. मागं थैल्यांवर डाकेचा शिपाई फकिरा बसलेला. चौक्याच्या घाटात उताराचं वळण घेतलं, तर समोर म्हशी आणि म्हशींच्या मध्ये एक म्हातारी, डोक्यावर गवताचा भारा. हॉर्न दिला. म्हशी हलेनात, म्हातारीला ऐकू येईना. मी मोटर कडेला काढली आणि रस्त्याची कडच खचली. मोटर नाल्यात आडवी झाली. फकिरा झुडपात फेकला गेला, त्याला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. माझा उजवा पाय मोटरीखाली गेला. तेल टपकत होतं. पेटलं तर संपलंच, एवढंच डोक्यात येत होतं.

फकिरानं आणि त्या म्हातारीनं जोर लावला. मोटर तसूभर हलली नाही. मग फकिरा वर रस्त्यावर पळाला आणि फुलंब्रीकडून येणारा एक टांगा थांबवला.

टांगा दादाचा होता.

आपला रामकिसनदादा, आक्का. मोटर आली आणि त्याचा डाकेचा टांगा बंद झाला, तेव्हा अख्ख्या गल्लीसमोर ज्यानं सांगितलं होतं, की यानं माझ्या घोड्यांच्या तोंडचा चारा काढला, आजपासून हा माझा भाऊ नाही. तेव्हापासून तो सवाऱ्या न्यायचा आणि मी डाक. रस्ता एकच. रोज समोरासमोर यायचो. मी हॉर्न द्यायचो, तो मान फिरवायचा.

वरून त्यानं विचारलं, "कोन हाय रं खाली?"

मी बोललो नाही. पाय तुटत होता, पण खरं सांगतो, त्यापेक्षा जास्त त्याची लाज वाटली. फकिराच ओरडला, "लक्ष्मण हाय, दादा! दबलाय!"

टांग्यात गुलमंडीचे दोन कापडवाले होते. दादा त्यांना म्हणाला, "उतरा. चालत जा, नाय तर बसून ऱ्हा." ते कुरकुरत उतरले. दादानं दोन्ही घोडे सोडले, लगाम धरून नाल्यात उतरवले आणि माझ्याजवळ उकिडवा बसला.

"जित्ता हायस ना?"

"व्हय."

"मग वरडत काहून नाहीस? ल्हानपणी काटा टोचला तरी गाव गोळा करायचास."

थैल्यांचे दोर सोडून त्यानं मोटरीला बांधले, दुसरी टोकं घोड्यांना. चाबूक नाही, शिवी नाही. नुसता त्यांच्या माना थोपटत, त्यांच्याशी बोलत पुढं चालत राहिला. मोटर कुरकुरली, वीतभर उचलली, आणि फकिरानं मला बगलेत धरून बाहेर ओढलं. त्या वेळी मात्र मी ओरडलो. फुलंब्रीला ऐकू गेलं असेल.

मला टांग्यात घातलं तेव्हा मी म्हणालो, "थैल्या राहिल्या. डाकेला उशीर व्हईल."

"गप पड. डाक बी जाईल. इतकी वर्सं कोन नेत होतं?"

माझ्या उशाला थैल्या लावल्या आणि टांगा हाकला. हर्सूलमध्ये लोक बाजूला होत होते. त्यांना वाटलं, जुना डाकेचा टांगा पुन्हा सुरू झाला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर गयाससाहेबांनी पाय पाहिला आणि म्हणाले, गुडघ्यावरून काढावा लागेल बहुतेक. तो महिना मी तुला काय लिहिणार होतो? लंगडा ड्रायव्हर कोण ठेवतो, पोरीचं कसं होणार, हेच आढ्याकडं बघत घोकत होतो. दादा व्हरांड्यात बसून असायचा. आत यायचा, पायाला हात लावून ऊब आहे का बघायचा, परत जायचा.

परवा डॉक्टरांनी पायाला बांधलेल्या फळ्या सोडल्या. बोटं हलवायला सांगितली. हलली. डॉक्टर हसून म्हणाले, "टांग बच गई मियाँ. अब रोना बंद करो, घर जाओ." माझं रडणं कसलं थांबतंय! दादा बाहेर गेला. तुझी भावजय सांगते, घोड्याच्या मानेवर डोकं टेकून कितीतरी वेळ उभा होता.

जरा लंगडेन, पण वैशाखात मोटरीवर बसायला हरकत नाही म्हणतात. आक्का, या दोन रात्री मला जी झोप लागली, तशी लेकरपणी लागायची.

काल म्हणालो, आता आक्काला पत्र घालतो. नगर इंग्रजी मुलखात, तिथं निजामाचं टिकिट चालत नाही, म्हणजे टिकिट छावणीच्या पोस्टातूनच आणायचं. दादा गेला तो लई उशिरानं आला. पोस्टातल्या बाबूनं त्याला नवी टिकिटं दाखवली होती. डाक कशी कशी चालत आली त्याची चित्रं आहेत त्यांवर, शेजारी बादशहाचं तोंड. पायी धावत डाक नेणारा हरकारा, बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, बोट, मोटर, आणि सगळ्यात महाग विमान. दादानं त्यातली तीन आणली आणि दोन माझ्या खाटेवर मांडली.

"ह्यो टांगा. तीन आणे. आन् ही तुझी मोटर. आठ आणे!" चांगलाच तापला होता. "म्या बाबूला इचारलं, मोटर एवढी महाग काहून?"

मी म्हणालो, "दादा, मोटर नाल्यात पडली की वडायला टांग्याचेच घोडे लागतात, हे इंग्रजाला काय ठावं?"

हसला, आक्का. खो खो हसला. तुझी भावजय चुलीवरून उठून बघायला आली.

मग तिसरं काढलं. दोन आण्यांचं. हरकारा, खांद्यावर डाकेची थैली. दादा म्हणाला, "बाबा," आणि टिकिटावरून अंगठा फिरवला.

पाकिटावरचं टिकिट तू पाहिलं असशीलच. एका आण्यात भागत होतं, पण दादा ऐकेना. म्हणाला, आक्काकडं बाबाच जाऊ दे. मला बाबाचं धावणं आठवत नाही. तू त्याच्या काठीची घुंगरं ऐकून तवा चुलीवर ठेवायचीस म्हणे.

टिकिटं गोळा करता करता दादा बोलला. "माझा टांगा सुरू झाला तवा बाबाची डाक सुटली. पयल्या दिशी बाबा माझ्याशेजारी येऊन बसला. घाटातल्या वळणाला म्हणाला, हितं कडेला जाऊ नको, खालून पाणी मुरतंय, माती भुसभुशीत हाय. माझी भाकर खाल्लीस असं कधी म्हणाला नाय. तुझी मोटर सुरू झाली त्या दिशी म्या तुला त्या वळणाचं सांगाया पायजे होतं, लक्ष्मणा. ठावं असून नाय सांगितलं."

मी त्याला म्हणालो, "म्हातारी मध्ये होती, दादा. सांगितलं असतंस तरी मी तिकडंच घेतली असती."

हे खरं की खोटं, मला माहीत नाही. पण त्याचे खांदे खाली आले, आणि माझेही.

तर आता तू ये. आम्ही दोघं भाऊ एका जागी जेवल्याशिवाय माहेरची पायरी चढणार नाही म्हणून तू दिवाळ्या सोडल्यास. मला उठवत नाही, म्हणून दादाचं ताट खाटेजवळ मांडलंय, आणि तो मला लिहिणं थांबव, कालवण निवतंय, म्हणून ओरडतोय. होळीला दाजींना घेऊन ये. दादा टांगा घेऊन स्टेशनावर घ्यायला येईल. मलाही उचलून त्यात बसवणार आहे.

खाली एकट्याचं नाव घालू नको म्हणतो.

तुझे भाऊ,
रामकिसन आणि लक्ष्मण