मिथुन राशीला समुद्र चालत नाही

३१ मे

आज रिटायर झालो. पाटबंधारे खातं एका अनुभवी माणसाला मुकलं. खरं तर सात माणसांना मुकलं, कारण आमच्या ऑफिसातले सात जण आजच रिटायर झाले. निरोप समारंभ एकच. हार कमी पडले, तेव्हा मोतीरामच्या गळ्यातला काढून माझ्या गळ्यात घातला आणि फोटो घेतला. मोतीराम आमचा शेजारी आहे म्हणून चालून गेलं.

घरी आल्यावर सत्यभामेनं पाणी दिलं आणि विषय काढला. लग्न झालं तेव्हा तिला समुद्र दाखवतो असं मी म्हणालो होतो. मध्ये तनुजाचं शिक्षण आलं, मग पुंडलिकनगरातलं घर, मग माझं प्रमोशन (ते झालं नाही, पण वाट बघण्यात वर्षं गेली). म्हणाली, आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात जन्म गेला माझा, एकदा डोळे भरून पाणी बघू द्या. मागणी रास्त आहे. शब्द दिला.

संकल्प: समुद्र. याच वर्षी, दिवाळीच्या आत.

१ जून, सकाळ

वाढदिवस. माझा, सत्यभामेचा, मोतीरामचा आणि त्याच्या दगडाबाईंचाही. आमची गल्लीच तशी आहे. बँकेचे मेसेज आले.

तनुजाचा पुण्याहून फोन. बाबा, आता दिवसभर आईच्या मागं मागं फिरू नका म्हणाली, आणि करमणुकीला एक ॲप पाठवलं. जन्मतारीख टाकली की रास निघते आणि त्या राशीच्या स्वभावाला फिरायला कुठलं ठिकाण मानवेल ते कळतं. टाकली. मिथुन. वायुतत्त्व. तल्लख बुद्धी, बोलका स्वभाव, नेतृत्व (नेतृत्व लिहिलेलं नव्हतं, पण ओघानं येतंच). ठिकाण: उंच, मोकळं, वाऱ्याचं. खाली स्पष्ट इशारा: पाण्याच्या सान्निध्यात मिथुन व्यक्ती कोमेजते.

सत्यभामेची तारीख टाकली. तीही मिथुन. म्हणजे समुद्रावर आम्ही जोडीनं कोमेजलो असतो. थोडक्यात वाचलो.

कोकणची गाडी रात्रभर जाते आणि मला गाडीत झोप लागत नाही, याचा या निष्कर्षाशी काही संबंध नाही.

३ जून

सत्यभामेला शास्त्रीय बाजू समजावून सांगितली. ती मेथी निवडत होती. म्हणाली, अहो, एक जून ही काय जन्मतारीख व्हय? शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकली ती. आमच्या वर्गातली सगळी पोरं एक जूनचीच होती.

मी शांतपणे विचारलं, की ज्या तारखेवर सरकारनं मला रिटायर केलं, ज्या तारखेवर पेन्शन सुरू झालं, ती तारीख खोटी? सरकार मानतं ते ग्रहांनी मानू नये? ती मेथी घेऊन आत गेली.

११ जून

रिकामा वेळ सत्कारणी लावायची कल्पना सुचली. 'राशीप्रवास'. बारा राशींच्या बारा सहली. मेषवाल्यांना गड-किल्ले, वृषभवाल्यांना जिथं जेवण चांगलं ते गाव, असं. गुलमंडीवरून टोप्या आणल्या. राशीगणिक वेगळा रंग, प्रत्येक रंगाच्या दोन. मिथुनची पिवळी, कर्कची पांढरी, वृश्चिकाची चॉकलेटी.

मागच्या गल्लीतल्या धम्मपालची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. त्याला भागीदारी देऊ केली. म्हणाला, काकासाहेब, राशी-बिशी मी मानत नाय, पण गाडी उभीच हाय, सांगा कवा काढायची. सध्या एवढी श्रद्धा पुरे.

१९ जून

गल्लीतून सतरा नावं आली. तारखा ॲपमध्ये टाकल्या. विलक्षण प्रकार आहे. सतराच्या सतरा मिथुन!

एकाच गल्लीत एकाच राशीची इतकी ज्येष्ठ माणसं एकवटणं हा योगायोग नव्हे. जमिनीतच काहीतरी आहे. यावर कुणीतरी संशोधन करायला हवं. धम्मपालला सांगितलं तर तो हसत हसत बॉनेटला टेकला आणि मग खाली बसला. मिथुन लोकांच्या सहवासात माणूस आनंदी होतो असं ॲपमध्ये आहेच.

अडचण एकच. टोप्या.

२ जुलै

सहलीची मीटिंग आमच्या गच्चीवर. कुठं जायचं म्हणून विचारलं. दगडाबाई म्हणाल्या, समुद्र. बाकीच्यांनीही हात वर केले. सत्यभामेनं दोन्ही केले. मी सर्वांना कोमेजण्याचा धोका समजावून सांगितला. तर दगडाबाई म्हणतात, भाऊजी, आम्ही इथंच लई कोमेजलोय, तिथं अजून काय होणार हाय.

लोकशाहीचा हा तोटा आहे. शिवाय बुध सध्या वक्री आहे. मिथुनचा स्वामी बुध. स्वामी उलटा चालत असताना प्रजेनं गाडीत बसू नये. महिनाभर पुढं ढकललं.

१६ ऑगस्ट

ठिकाण मी ठरवलं. म्हैसमाळ. उंच, मोकळं, वाऱ्याचं. ॲपच्या सगळ्या अटी पूर्ण. सत्यभामा म्हणाली, अहो, म्हैसमाळला तर आपण पाहुणे आले की जातो. मी म्हणालो, पाहुण्यांसाठी जातो, राशीसाठी कधी गेलो? अंतर किती आहे ते ग्रह बघत नाहीत.

२३ ऑगस्ट, दुपार

सहल यशस्वी झाली.

सकाळी सातला निघालो. पिवळ्या टोप्या मला आणि दगडाबाईंना, उरलेल्या सगळ्यांना दुसऱ्या राशींच्या वाटल्या. सत्यभामेनं कर्कची पांढरी उचलली, ऊन लागत नाय म्हणाली. मोतीरामला गाडी लागते, हे त्यानं वेरूळच्या अलीकडे सांगितलं. सांगायला जरा उशीरच झाला.

वर धुकं होतं. समोरचं काही दिसत नव्हतं, पण वारा होता आणि आपण वाऱ्यासाठीच गेलो होतो. माझी छत्री उलटी झाली, मग सुटली, मग दरीकडे गेली. मिथुनच्या वायुतत्त्वावर मी बोलायला सुरुवात केली तेव्हा मंडळी कणसं खायला गेली होती. नंतर कुणीतरी आठवण करून दिली, की आज नळाचा दिवस. सगळे धावत गाडीत बसले. अकराला घरी. ग्रुप फोटो राहिला.

सत्यभामा गाडीतून उतरलीच नव्हती, हे आत्ता टाकी भरताना समजलं. मी विचारलं, का? म्हणाली, पाणी कुठं होतं तिथं उतरायला.

१२ सप्टेंबर

महालक्ष्म्यांच्या गडबडीत सहलीचा विषय नको. संकल्प कायम आहे.

२८ ऑक्टोबर

बुध पुन्हा वक्री. माझ्या हातात काय आहे?

सत्यभामा आता विचारत नाही. समजूतदारपणा वाढलाय. माळ्यावरची मोठी बॅग मात्र तिनं खाली काढून पुसून ठेवली आहे. दिवाळीची साफसफाई असावी.

१४ नोव्हेंबर

साफसफाई नव्हती. दगडाबाईंनी परस्पर धम्मपालची गाडी ठरवली. गुहागर. 'राशीप्रवास'चे सगळे प्रवासी जाणार आहेत, फक्त संस्थापक सोडून. मोतीरामही राहतोय, त्याला घाट सोसणार नाही. धम्मपाल घरी येऊन सांगून गेला, काकासाहेब, तुमच्यासाठी खिडकीची सीट ठेवलीय, मागं-पुढं बघू नका, चला.

सत्यभामाही म्हणाली, चला. एकदाच म्हणाली. मला वाटलं दुसऱ्यांदा म्हणेल, म्हणून तत्त्वाचा मुद्दा मांडला. ती बॅग भरत राहिली.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ

गेली. गाडी वळेपर्यंत मी गेटवर होतो. जाताना म्हणाली, शनिवारी नळ येईल, टाकी वाहू देऊ नका, डब्यात चिवडा हाय.

बघू किती दिवस राहतात. मिथुन लोक पाण्यापाशी टिकत नाहीत. उद्या रात्रीपर्यंत परत.

२० नोव्हेंबर

परत आले नाहीत. चिवडा संपला. घरात इतकी शांतता असते हे मला माहीत नव्हतं. मी नोकरीत असताना ही शांतता तिनं एकटीनं सांभाळली असणार.

जेवणासाठी लासूर स्टेशनला द्वारका आत्याकडे गेलो. मला अंगाखांद्यावर खेळवलेली आता ती एकटीच उरली आहे. बायकोनं ऐकलं नाही, मिथुन असून समुद्रावर गेली, अशी तक्रार केली. आत्या म्हणाली, तिचं मला ठाव नाय, पण तू कशाचा जूनचा रे? आखाडात झालास तू. आम्ही जावा-नणंदा कापण्या तळीत होतो, तुझी माय तळता तळता उठून आत गेली. पावसाची लई झिम्मड लागली होती, ओढ्या-वगळीला पाणी आलं म्हणून सुईण पलीकडंच अडकली. पाण्यातच जन्म तुझा.

मी म्हणालो, सरकारी रेकॉर्डवर एक जून आहे. आत्या म्हणाली, कापण्या मी तळल्या का सरकारनं?

येताना बसमध्ये ॲप उघडलं. आखाड म्हणजे जुलै धरला. कर्क. जलतत्त्व. हळवा स्वभाव, घरच्या माणसांवाचून करमत नाही. ठिकाण: समुद्रकिनारा. शक्यतो जोडीदारासोबत.

डिलीट केलं. मग पुन्हा डाउनलोड केलं, चुकून वेगळं निघतंय का बघायला. निघालं नाही.

२१ नोव्हेंबर

धम्मपालनं फोटो पाठवला. सत्यभामा गुडघ्यापर्यंत पाण्यात, लुगडं वर खोचलेलं, डोक्यावर पांढरी टोपी. हसतेय. असं हसताना मी तिला शेवटचं कधी पाहिलं ते आठवत बसलो. आठवलं नाही.

मीच फोन लावला. ती म्हणाली, अहो, केवढं पाणी हाय इथं, अन् कुणी भरूनच ठेवत नाय. खिडकीची सीट रिकामी आणली, त्यावर पिशव्या ठेवल्या, पण दर वेळी वाटतं तुम्ही बसलाय. मग तिनं मला समुद्र ऐकवायला फोन पुढं धरला. बराच वेळ धरला. मला नुसता वारा ऐकू आला. मला करमत नाही, असं मी म्हणालो. वाऱ्यात तिला ऐकू गेलं की नाही कळलं नाही, कारण ती म्हणाली, नळ आला का?

आला होता. टाकी केव्हाच भरून अंगणात वाहत होती. कॉक बंद करायला गेलो आणि बंद केला नाही. चपला काढल्या, पँट दुमडली आणि उभा राहिलो. पाणी घोट्याच्याही खालीच होतं.

मोतीराम कुंपणावरून म्हणाला, काकासाहेब, पाणी वाया चाललंय.

मी त्याला सांगितलं, की माझी रास कर्क आहे. तो म्हणाला, ते ठीक हाय, पण कॉक बंद करा. बंद केला.