बरगडीवरची नागीण

१० मार्च, सोमवार

डाव्या बरगडीखाली नुसती आग! काल उसाला पाण्याची दारं धरताना काहीतरी चावलं असणार. पुरळ उठलंय, ओळीनं, पाठीकडून पोटाकडं. बायकोला, कस्तुराला दाखवलं तर तिनं भाकरी तव्यावरच सोडली. कस्तुरा भाकरी करपू देते म्हणजे प्रकरण साधं नाही.

११ मार्च

शेजारची साखरबाई आली. वाडीतली नागीण तीच बघते. चष्मा पुसला, बराच वेळ न्याहाळलं आणि निकाल दिला — "नागीणच हाय." काव, म्हणजे तांबडी माती, उगाळली आणि पुरळाच्या दोन्ही टोकांना रेघ ओढली. एक नागिणीच्या तोंडाला, एक शेपटीला. जाताना कस्तुराच्या कानात सांगितलं. साखरबाईचं कानात सांगणं म्हणजे देवळावरचा भोंगा. "तोंड आन् शेपूट जुळू द्यायचं न्हाई. कमरंला येढा पडला की मानूस हाताला लागत न्हाई."

झालं! दुपारभर आरशासमोर उघडा उभा. तोंड बेंबीकडं निघालंय असं वाटतं.

यात्रा १२ एप्रिलला. बैलगाड्यांच्या शर्यतीला घाटात, गाडे पळतात त्या चढावर, माइक माझा. माझं मिसरूड फुटल्यापासून माझा. गाडा सुटला की "भिर्रर्र" म्हणणार मी, आणि बैलांच्या आधी लोकांचं काळीज पळवणार मी! मी मेलो तर माइक पुतण्याच्या हातात जाणार. पृथ्वीराज पोरगा गुणी आहे, पण "भिर्रर्र" म्हणताना शेळी कापल्यासारखा ओरडतो.

१२ मार्च

पृथ्वीराजनंच मोटरसायकलवर घालून शिरूरला नेलं. रस्त्यातला एकही खड्डा त्यानं सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंचं नाव अनुपमा. वयानं लहान, बोलायला गोड. म्हणाल्या, "आबा, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? ते विषाणू जात नाहीत. मणक्याच्या शेजारी, जाणीव नेणाऱ्या नसेच्या मुळाशी दडून बसतात. वय झालं की जागे होतात आणि त्याच नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत येतात."

मी खरी गोष्ट विचारली. तोंड-शेपूट जुळलं तर?

हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. माझ्या पाठीवर मधोमध बोट फिरवलं. "मणक्यातून निघणारी डावी नस डाव्याच अंगाला जाते. पुढं पोटाच्या मधल्या रेघेशी तिची हद्द संपते. पलीकडचं राज्य उजव्या नसेचं. मग वेढा पडणार कसा?"

बांधावरून आयुष्यभर भांडलो, पण बांधाचा एवढा आनंद कधी झाला नव्हता. गोळ्या दिल्यात, पुरळाच्या आणि नसेच्या वेगळ्या. मात्र उठताना म्हणाल्या, "पुरळ जाईल. पण साठीनंतर काहींचं दुखणं मागं राहतं. महिने, कधी वर्षंही. आपण लक्ष ठेवू."

घरी आल्या आल्या साखरबाईला सगळं समजावलं, नसेच्या हद्दीसकट. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी माझ्या कावंनंच अडिवलं की."

२८ मार्च

खपल्या पडल्या. आग गेली नाही. आता नवीनच तऱ्हा — सदरा नुसता टेकला तरी निखारा ठेवल्यासारखं होतं. पंख्याचा वारा टोचतो. कस्तुराचा हात चुकून लागला तर मी असा ओरडलो की म्हशीनं दावं ओढलं. तेव्हापासून ती लांबूनच बोलते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नसेला जखम झालीय. मणक्यात निरोपांची गल्लत होते. स्पर्शाचा निरोप जातो आणि दुखण्याचा म्हणून वाचला जातो. म्हणजे सदरा निर्दोष आहे.

मला भीती एकाच गोष्टीची. हे मागं राहणाऱ्यांतलं तर नाही ना?

५ एप्रिल

घरात उघडाच. पाहुणे आले की गोठ्यात.

पृथ्वीराज हळूच म्हणाला, "आबा, यंदा तुम्ही बसून ऱ्हावा. माइक मी संबाळतो." मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" आणि हे म्हणताना डावा हात बरगडीला लागू नये म्हणून हवेत धरून उभा होतो, बगळ्यासारखा.

१२ एप्रिल, शनिवार

यात्रा!

कस्तुरानं तिचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून कमरेपासून काखेपर्यंत हलक्या हातानं गुंडाळलं. वर ढगळ सदरा, डोक्याला फेटा. मचाणावर चढेपर्यंत डोळ्यांत पाणी. पहिला गाडा जुंपला. माइक तोंडाजवळ आला, मी "भिर्रर्र" केलं, आणि त्यानंतर काय झालं ते मला एवढंच ठाऊक आहे — गाड्यामागून गाडा, गुलाल, धुरळा, लोकांचा गलका, आणि बरगडीच नाही! मला बरगडी होती हेच विसरलो.

१३ एप्रिल

काल माइक ठेवला आणि घटकाभरात सगळं व्याजासकट परत आलं. पण मी खूश! आज फोन करून डॉक्टरीणबाईंना विचारलं, असं कसं?

म्हणाल्या, "निरोप नुसता खालून वर जात नाही, आबा. मेंदूही वरून मणक्यात हुकूम पाठवतो, हा निरोप अडवा म्हणून. मन पूर्ण गुंतलं की तो हुकूम जोरात जातो."

म्हणजे मेंदू दारं धरतो! या सरीला पाणी जाऊ दे, त्या सरीचं तोंड मातीनं बुजव. पन्नास वर्षं मी तेच करतोय, मला कुणी शिकवायला नको.

कस्तुराला हे सगळं रंगवून सांगितलं. माइक हाती असला की दुखत नाही. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या तीन बाळंतपणात कुनी माइक आनून दिला न्हाई."

१९ एप्रिल

औषध सापडलं. तोंड बंद ठेवायचं नाही! कस्तुरा भाकरी थापते, मी शेजारी बसून सांगतो — सुटली, सुटली, परातीतून सुटली, तव्यावर गेली, फुगली! पहिल्या दिवशी हसली. दुसऱ्या दिवशी उलथनं उगारलं. म्हैस मात्र रोज ऐकते.

आसपासच्या सगळ्या यात्रांची आमंत्रणं घेतली. पृथ्वीराज सोबत येतो, वायरी गुंडाळतो. एका गाड्याची एक बारी तरी सांगू द्या, म्हणाला. नाही दिली. माइक सोडला की ती आग परत येते, हे त्याला काय माहीत!

३० एप्रिल

शिरूर. रात्रीची गोळी चालू ठेवायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोलत राहा, चांगलंच आहे. पण बोलत असताना दुखत नाही हे मला कळलं. गप्प असताना काय होतं, ते सांगा."

ते कुठून सांगू? गप्प बसून बघायची हिंमतच होत नाही.

९ मे

घसा बसला. पार बसला. गरम पाणी, हळद, काही उपयोग नाही. आवाज म्हणून फक्त वारा येतो. परवा शेजारच्या गावचा घाट. पृथ्वीराजला हातानंच खूण केली — तू. त्याचे डोळे भरले, माझेही. कारणं वेगळी.

११ मे, रविवार

माइक पृथ्वीराजच्या हातात. मी खाली दोरीमागं, गर्दीत, मुका. शेळी वगैरे काही नाही, पोरगा सुरेख बोलतो. मध्येच पुढं घुसणाऱ्या एका गड्याचं कोपर माझ्या बरगडीवर जोरात बसलं. मला दिसेना म्हणून मी त्याला ढकलून बाजूला केलं आणि गाडा बघत राहिलो. पुढं दोन बाऱ्या झाल्या. दोन बाऱ्या! मग लक्षात आलं, कोपर डाव्या बरगडीवर बसलं होतं.

तिथून पुढं गाड्यांकडं बघितलंच नाही. लिंबाखाली जाऊन बसलो. नुसता. मन कशात नाही, तोंड बंद. वाट बघितली त्या आगीची. आली नाही.

घरी येऊन कस्तुराचा हात धरला आणि सदऱ्याच्या आत, तिथंच ठेवला. ती दचकली. खुणांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दिसभर गप व्हता? तुमी?" आणि हात काही काढला नाही.