खाली ठेवलेल्या बाटल्यांबाबत

मी, खाली सही करणारी विनया नरेंद्र खासनीस, वय वर्षे शहात्तर, वनस्पतिशास्त्राच्या संशोधनातून निवृत्त, मूळची मिरजेची, सध्या राहणार विकास नगर, लखनऊ, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. (‘खाली’ या शब्दाचा खुलासा कलम ४ मध्ये केला आहे.) शुद्धीची खात्री डॉ. अमोघ रानडे यांनी करून घेतली. त्यांनी मला तारीख विचारली. ती सांगून मी त्यांच्या टेबलावरची ‘पणजोबांच्या वेळची’ बाटली फार तर वीस वर्षांची आहे, हेही सांगितलं. त्यांनी निमूटपणे दाखला लिहून दिला.

यापूर्वीची माझी दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. दोन्ही रागात लिहिली होती.

कलम १. विकास नगरचं घर मुलगा सत्यजित आणि सून विभा यांना समान हक्काने द्यावं. बँकेत जे काही असेल ते नात सावनीला. मी मराठीत विचारते आणि ती हिंदीत उत्तर देते, पण खोटं मात्र कोणत्याच भाषेत बोलत नाही.

कलम २. खुरपं, भिंग आणि माती झाडायचा दाढीचा ब्रश विभाला. ब्रश माझे पती कै. नरेंद्र यांचा. ते हवाई दलात होते. बख्शी का तालाबच्या क्वार्टरमागे टोमॅटोचा वाफा खणताना मला पहिली बाटली सापडली, गोटी सोड्याची, आतल्या गोटीसकट. तेव्हापासून गोमतीचं पाणी ओसरलं की काठाने, नाहीतर कुठे घराचा पाया खणला की त्या ढिगाऱ्याशी, मी हजर. स्मारकांच्या आवारात मी कधीही खुरपं लावलेलं नाही, याची नोंद घ्यावी. नरेंद्र मात्र आल्यागेल्याला सांगत, “या घरातल्या बाटल्या माझ्या नाहीत, बायकोच्या आहेत.” त्याचा जाब मी वर गेल्यावर विचारेन.

कलम ३. आमच्या मराठी मंडळातले श्री. अभिजित सप्रे यांना मी नवाबी अत्तराची म्हणून दिलेली कुपी त्यांनी परत करू नये. ती नरेंद्रांच्या केशतेलाची आहे. लेबल भिजवून काढलं आणि दोन पावसाळे तुळशीच्या कुंडीत पुरून ठेवली. सप्रे दिसेल त्या बाटलीला ‘इंग्रजांच्या काळातली’ म्हणत, ते मला सहन होईना. एकदा अंगठा फिरवला असता तर त्यांना कळलं असतं. काचेवरची साच्याची रेघ बाटलीच्या ओठाच्या आधीच थांबली तर तोंड हाताने घडवलेलं, म्हणजे बाटली जुनी. रेघ ओठावरून पार गेली तर यंत्राची. मंडळात त्या कुपीवर त्यांची दोन व्याख्यानं झाली आहेत. दोन्हींना मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. हे कलम मंडळात मोठ्याने वाचावं.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. तीन वर्षांपूर्वी मी भाचीच्या लग्नाला मिरजेला गेले. जाताना सत्यजितसाठी फ्रिजवर चिठ्ठी लावली: ‘कबाडी आला तर रद्दी दे. बाटल्या खाली आहेत.’ म्हणजे रद्दी वरची, बाटल्या खालच्या खोलीत, त्यांना हात लावायचा नाही. सत्यजित लखनऊत वाढला. त्याने हिंदीत वाचलं. परत येऊन बघते तर एकशे बारा बाटल्या कबाड्याच्या ठेल्यावरून गेलेल्या. मी विचारलं तेव्हा तो रडवेला होऊन म्हणाला, “आई, मैंने नीचे जाकर देखा भी था. सब खाली ही तो थीं.”

गोदामातून एकवीस परत मिळाल्या. बाकीच्या भट्टीत गेल्या होत्या.

मी त्याच्याशी बोलणं टाकलं नाही, उलट वाढवलं. तीन वर्षं रोज जेवायला वाढताना विचारलं, “ताट खाली आहे, की वर?” तो मान खाली घालून जेवला. पंचेचाळीस वर्षं या शहरात काढून ‘खाली’ म्हणजे इथे रिकामं हे मला ठाऊक होतं. तरी मी चिठ्ठीत तेच लिहिलं आणि दोष सगळा त्याला दिला. हा माझ्याकडून अन्याय झाला.

कलम ५. मागच्या मृत्युपत्रात उरलेल्या एकवीस बाटल्या सत्यजित सोडून कोणालाही द्याव्यात असं लिहिलं होतं. त्या कलमाचं काय करावं हे ठरत नव्हतं. परवा विभाने मला हाताला धरून गाडीपाशी नेलं आणि डिकी उघडली. आत गोणपाटात गुंडाळलेल्या चाळीसेक बाटल्या. सत्यजित तीन वर्षं दर रविवारी ‘सब्जी आणतो’ म्हणून जातो आणि उशिरा येतो, तो कबाड्यांची गोदामं पालथी घालत असतो म्हणे. मी एकेकीवरून अंगठा फिरवला. टोमॅटो सॉस. खोकल्याचं औषध. गुलाबपाणी. पुन्हा सॉस. रेघ प्रत्येकीच्या ओठावरून पार गेलेली. एकही जुनी नाही.

तेवढ्यात सत्यजित मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, “पहचान नहीं पाता ना, आई. इसलिए जो मिलती है, उठा लेता हूँ.”

मला त्याला जवळ घ्यायचं होतं. ते न करता मी सॉसच्या बाटल्या नीट धुतल्या नाहीत म्हणून बोलले. सवय वाईट असते.

तरी माझ्या एकवीस आणि त्याच्या चाळीसेक मिळून एकच संग्रह मानावा आणि तो सगळा सत्यजितचा. यातली एकही बाटली बनावट किंवा नवी म्हणून वेगळी काढू नये.

मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं, असं वकील सांगतात. बाकीची कलमं तशी लागू होऊ देत. पुढची एक अट मात्र मी आजच सत्यजितला वाचून दाखवणार आहे आणि ती उद्या सकाळी सात वाजल्यापासून अमलात येईल: गोदामात जाताना त्याने मला गाडीत घालून न्यावं. मी ओळखेन, त्याने उचलावं.

व्यवस्थापक: विभा सत्यजित खासनीस

साक्षीदार:
१. डॉ. अमोघ रानडे
२. उत्कर्षा देवस्थळी, शेजारीण

दोघांनी माझ्यासमोर आणि मी दोघांसमोर सही केली.

विनया नरेंद्र खासनीस
लखनऊ, शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५