मुळाची वाढ, माझ्या मोजणीनुसार

३ जून, सोमवार
लेकीचा पुढचा दात. मार्चमध्ये बॅडमिंटन शिकवताना माझी रॅकेट लागली होती. लेकच मध्ये आली, असं मी तेव्हा सांगितलं. आज एक्स-रे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मार बसल्यामुळे दाताचं मूळ झिजतंय. ऑपरेशन नको, नस काढून आत औषध भरायचं, दर महिन्याला बदलायचं. तारीख चुकवली तर दात जाईल. पहिलं औषध आजच भरलं. बायकोला म्हटलं, ही जबाबदारी सर्वस्वी माझी. तिने विचारलं, लिहून देतोस का?

१ जुलै
तारीख होती. ऑफिसात शब्दकोशाची प्रुफं तुंबलेली. गेलो नाही. लेक म्हणते, दुखत नाही. दुखत नाही, त्याअर्थी झिजत नाही. न्यायशास्त्रात याला अनुमान म्हणतात.

८ जुलै, सायं. ६
लेकीला घेऊन दवाखान्याच्या जिन्यापर्यंत गेलो. बाई विचारणार, आठवडा का चुकला? उत्तर जुळवायला आधी आइस्क्रीम. तोवर दवाखाना बंद. लेकीने विचारलं, आईला काय सांगायचं? म्हटलं, तिने विचारलं तर बघू. तिने विचारलं. मी म्हणालो, झालं.
रात्री डावा डोळा फडफडला. जागरण, दुसरं काय.

२९ जुलै
पुन्हा तारीख. पण लेकीची चाचणी परीक्षा. अभ्यास आधी.

११ ऑगस्ट
बाईंकडे हात हलवत जाणं बरं नव्हे. कोपऱ्यावरच्या लॅबमधून नवा एक्स-रे काढून घेतला. जुन्याशेजारी ठेवून प्रुफांच्या पट्टीने तीनदा मोजलं. मूळ अडीच मिलिमीटर वाढलंय. चौदाव्या वर्षी सगळंच वाढतं. नुसत्या विश्रांतीने हा गुण. बाईंना दाखवलंच पाहिजे.

२ सप्टेंबर
दाखवलं. बाईंनी शेजारचे दात मोजायला सांगितले. तेही वाढले होते. लॅबने फिल्म मोठी करून छापली होती. मूळ एक तृतीयांश उरलंय. दात काढावा लागणार.
बाईंनी विचारलं, दोन महिने कुठे होतात? मी घसा साफ करतोय तोच लेक म्हणाली, मीच येत नव्हते, बाबा रोज सांगायचे.
घरी लेकीने माझं जुलैतलं ‘झालं’ही स्वतःवर घेतलं: मीच बाबांना तसं सांगायला लावलं. बायको तिला तासभर बोलली. मी पेपर वाचत होतो. एकच बातमी, चारदा.
उद्या खरं सांगून टाकणार.

३ सप्टेंबर
दात काढला. लेकीने माझा हात घट्ट धरला होता. बाई तिला म्हणाल्या, घाबरू नकोस. तोंडात कापूस, तरी ती म्हणाली, मी नाही, बाबा घाबरतात.
बायकोला रविवारी सांगेन. निवांतपणे.